राखून ठेवलेल्या स्लाइड

पदवीच्या वर्गांना आमच्याकडे पर्यावरणाचा प्रकल्प असतो. उन्हाळा लागायच्या सुमारास त्याची तोंडी परीक्षा जवळ आली की कॉम्प्युटर लॅबच्या दारात मुलांचे घोळके दिसू लागतात. "मॅडम, आमची पीपीटी बघता का?" ऊसपट्ट्यातलं कॉलेज, त्यामुळे विषयही तिथलेच: पाचट, ठिबक, कारखान्याची मळी, ओढ्याचं पाणी. चार-पाच जणांचा गट, एका गटाला दहा मिनिटं आणि समोर बाहेरून आलेले परीक्षक. या दहा मिनिटांसाठी मुलांना तयार करणं हे माझं काम आहे. पॉवरपॉइंटची बटणं शिकवणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग.

या मुलांचा हात मोबाइलवर सफाईने चालतो. व्हिडिओ कापणं, त्यावर गाणं चढवणं, मराठीत बोलून टाइप करणं, सगळं येतं. पण फाइल नेमकी कुठे सेव्ह झाली, हे विचारलं की थांबतात. मोबाइलने त्यांना फोल्डर कधी दाखवलेलंच नसतं. म्हणून पहिला तास फोल्डरचा: गटाच्या नावाचं एक फोल्डर, त्यातच फोटो, त्यातच व्हिडिओ, त्यातच पीपीटी. जोडलेला व्हिडिओ पेनड्राइव्हवर न घेता नुसती पीपीटी उचलून नेली, की परीक्षकांपुढे काळा चौकोन उरतो. हे एकदा करून दाखवलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

दुसऱ्या तासाला मी मशीन सुरूच करू देत नाही. पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या वाटते. एका चिठ्ठीवर एकच वाक्य लिहायचं आणि ते पूर्ण वाक्य हवं. 'पाचट व्यवस्थापन' असं नुसतं शीर्षक चालत नाही. 'पाचट जाळलं की जमिनीतला सेंद्रिय कर्ब वाढवायची संधी जाते' हे चालतं. मग चिठ्ठ्या बाकावर मांडायच्या, पुढेमागे करायच्या, भांडायचं. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड सॉर्टर म्हणून जे दृश्य असतं, ते म्हणजे हाच बाक. कागदावर ज्यांनी क्रम लावला, त्यांना पुढे स्क्रीनवर स्लाइड ओढून इकडची तिकडे करताना भीती वाटत नाही. थेट मशीनवर बसलेला गट मात्र पहिला अर्धा तास पार्श्वभूमीचा रंग निवडण्यात घालवतो आणि दुसरा अर्धा तास 'थँक्यू' लिहिलेल्या गुलाबाच्या फुलात.

मराठी मजकुराची अडचण निराळी आहे. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेली माहिती कुणाच्या तरी ओळखीच्या डीटीपीवाल्याकडून येते आणि आमच्या मशीनवर उघडली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. युनिकोडमध्ये टाइप केलेलं कुठल्याही मशीनवर मराठीच दिसतं, हे मुलांना पटतं, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर ती रोज तेच वापरतात. पण त्याहून मोठी खोड पॉवरपॉइंटची स्वतःची आहे. चौकटीत मजकूर मावेना झाला, की प्रोग्राम गुपचूप अक्षर लहान करत जातो. इंटरनेटवरून उचललेला आख्खा परिच्छेद मुलं चिकटवतात आणि तो 'बसला' म्हणून खूश होतात. देवनागरीला वर मात्रा, खाली उकार. अठरा पॉइंटवर शेवटच्या बाकावरून 'कृषी' आणि 'कुषी' यांतला फरक कळत नाही. म्हणून अक्षर आपोआप लहान करण्याची ती सोय मी बंद करायला लावते. मजकूर चौकटीबाहेर सांडू दे. सांडला की कळतं, किती जास्त झालं.

इथे खरा पेच उभा राहतो. चिठ्ठ्या, फोटो, तक्ते मिळून पंचवीस स्लाइड होतात आणि वेळ दहा मिनिटांचा. "निम्म्या काढा" म्हटलं की चेहरे उतरतात. त्या प्रत्येक स्लाइडमागे कुणाची तरी दुपार गेलेली असते. एकाने रानात उभं राहून फोटो काढलेला असतो, एकीने कृषी सहायकांना गाठून माहिती लिहून आणलेली असते. डिलीट म्हटलं की ती मेहनतच पुसली जाते, असं त्यांना वाटतं आणि ते खोटंही नाही. म्हणून मी डिलीट शिकवण्याआधी हाइड शिकवते.

कृती अगदी लहान आहे. डावीकडच्या पट्टीत स्लाइडच्या छोट्या चित्रावर उजवं क्लिक, 'हाइड स्लाइड'. चित्र फिकट होतं आणि त्याच्या क्रमांकावर तिरपी रेघ येते. एकदम चार-पाच लपवायच्या असतील तर कंट्रोल दाबून निवडायच्या. पुन्हा तेच बटण दाबलं की स्लाइड परत येते. लिबरऑफिस इम्प्रेसमध्येही हीच सोय स्लाइडच्या मेनूत आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात इम्प्रेसचे धडे मराठी आवाजात मिळतात, घरी जुना कॉम्प्युटर असलेल्या मुलांना मी ते ऐकायला सांगते. गूगल स्लाइड्समध्ये याच गोष्टीला 'स्किप स्लाइड' म्हणतात.

पहिल्यांदा हाइड केलं, एफ-फाइव्ह दाबून शो चालवला आणि ती स्लाइड आलीच नाही, की हमखास कुणीतरी घाबरतं. "मॅडम, गेली का?" मी एस्केप दाबून डावीकडची पट्टी दाखवते. आहे तिथेच आहे. तिच्यावर काम करता येतं, अक्षर बदलता येतं, फोटो टाकता येतो. फक्त शो तिला ओलांडून पुढे जातो. हे कळलं की चेहऱ्यावरचा ताण उतरतो आणि मघाशी एकही स्लाइड न सोडणारा गट भराभर दहा-बारा लपवून टाकतो. मेहनत शाबूत आहे, एवढी खात्री मिळाली की मूल आपल्याच कामाकडे कठोरपणे बघू शकतं. हाइड या सोयीचा मला दिसलेला सगळ्यात मोठा फायदा हाच.

मग क्रमांकांची भानगड निघते. लपवलेली स्लाइडही मोजली जाते. त्यामुळे कोपऱ्यात क्रमांक छापले असतील तर पाचानंतर एकदम आठ दिसतो आणि परीक्षक विचारतात, मधलं काय झालं? उपाय सोपा आहे: लपवलेल्या सगळ्या स्लाइड ओढून शेवटी न्यायच्या. आता उघड्या एक ते बारा आणि राखीव तेरा ते पंचवीस.

आणि मग राखीव स्लाइड बाहेर काढायची युक्ती. शो चालू असताना स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर दाबला की ती स्लाइड उघडते, लपवलेली असली तरी. परत यायचं तर आधीच्या स्लाइडचा क्रमांक आणि एंटर. त्यासाठी प्रत्येक गट एका चिठ्ठीवर यादी करतो: पंधरा खर्च, सतरा नकाशा, एकोणीस प्रश्नावली. ती चिठ्ठी कीबोर्डपाशी बसणाऱ्याच्या हातात.

पाचटाच्या एका गटाची रंगीत तालीम मला नीट आठवते. बोलणारी मुलगी सांगत होती, की ऊस तुटल्यावर पाचट न जाळता सरीत दाबावं, त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकावं. परीक्षकाच्या खुर्चीत मी बसले होते. विचारलं, "एकरी खर्च किती येतो?" ती गडबडली नाही. नुसतं मित्राकडे बघितलं. त्याने एक, पाच, एंटर दाबलं. भिंतीवर तक्ता आला: कुट्टी करणाऱ्या यंत्राचं भाडं, खतं, मजुरी, रकाने त्यांनी गावातल्या दोन शेतकऱ्यांना विचारून भरलेले. मुलीचा आवाज तिथे बदलला. आतापर्यंत ती पाठ केलेलं बोलत होती, तक्त्यावर आल्यावर माहिती असलेलं बोलू लागली. वर्ग सरळ होऊन बसला. सांगितलं त्यापेक्षा जास्त यांच्यापाशी आहे, हे ऐकणाऱ्याला त्या क्षणी कळतं, आणि असा विश्वास कुठल्याही अ‍ॅनिमेशनने मिळत नाही.

झाकून ठेवून दाखवण्याची ही कला पॉवरपॉइंटपेक्षा जुनी आहे. ओएचपी, म्हणजे ओव्हरहेड प्रोजेक्टर, ज्यांनी पाहिलाय, त्यांना आठवेल: काचेवर पारदर्शक फिल्म, तिच्यावर कोरा कागद, आणि शिक्षक एकेक मुद्दा बोलत तो कागद खाली सरकवत जायचे. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी घडवलेलं पॉवरपॉइंट १९८७ साली मॅकिंटॉशवर आलं, तेही मुख्यतः अशाच फिल्म छापण्यासाठी. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ते बनवणारी कंपनी विकत घेतली. ओएचपीवाले शिक्षक दिवा बंद करूनही बोलायचे. आज शो चालू असताना 'बी' दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की उजळतो. मी हे आवर्जून करायला लावते. भिंतीवर काही नसलं की वर्ग बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो, आणि बोलणाऱ्यालाही भिंतीकडे तोंड करून वाचायची सोय राहत नाही.

पण लपवता येतं म्हटल्यावर मुलं काय लपवतात, तेही बघावं लागतं. एका गटाने गावात फिरून शेतकऱ्यांना विचारलं होतं, तुम्ही पाचटाचं काय करता? बहुतेकांनी सरळ सांगितलं होतं, जाळतो. कारणंही दिली होती: खोडव्याची मशागत अडते, उंदीर होतात, कुट्टीचं यंत्र वेळेवर मिळत नाही. ती स्लाइड गटाने हाइड करून टाकली आणि पुढे ठेवली ती नुसती फायद्यांची यादी. का, म्हणून विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, त्याने आपला विषय पडतो." वाईट हेतू नव्हता. सादरीकरण म्हणजे आपली बाजू जिंकणं, अशी त्यांची समजूत होती. मी ती स्लाइड उघडायला लावली आणि दुसऱ्या क्रमांकावर आणायला लावली. प्रकल्पातला खरा शोध तोच होता. बाकीचं कुठल्याही कृषी पुस्तिकेत सापडलं असतं.

त्या दिवशी मी त्यांना कोलंबिया यानाची गोष्ट सांगितली. त्या यानातल्या कल्पना चावलाचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण स्लाइडशी त्या अपघाताचा काय संबंध, हे नसतं. जानेवारी २००३ मध्ये उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असतानाच बोइंगच्या अभियंत्यांनी नासाच्या अधिकाऱ्यांपुढे पॉवरपॉइंटवर आपलं विश्लेषण मांडलं. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक दिलासा देणारं होतं. मुद्दे, त्याखाली उपमुद्दे, त्याखाली आणखी बारीक उपमुद्दे. आणि तळाशी, बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की या तुकड्याचं आकारमान १९२० घन इंच आहे आणि ज्या चाचणीचा आधार घेतला त्यातला तुकडा ३ घन इंचांचा होता. ६४० पट फरक. १ फेब्रुवारी २००३ ला परतताना यान फुटलं, सातही अंतराळवीर गेले. पुढे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी त्या स्लाइडचं ओळ न् ओळ विश्लेषण केलं आणि अपघाताच्या चौकशी मंडळाने आपल्या अहवालात त्याची दखल घेतली. अपघाताचं कारण स्लाइड नव्हती. पण सगळ्यात महत्त्वाचा आकडा समोर असून झाकला गेला होता, हाइडचं बटण न दाबता. वर्गात हे सांगितलं की मुलं आपल्या स्लाइडच्या तळाकडे बघू लागतात. माझ्या मते अक्षराचा आकार ठरवणं हाही सचोटीचाच भाग आहे आणि तो पहिल्या वर्षालाच शिकवायला हवा.

लपवलेलं गुप्त नसतं, हेही बजावून सांगावं लागतं. शोमध्ये न दिसणारी स्लाइड फाइलमध्ये असतेच. पीपीटी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की समोरच्याला ती डावीकडच्या पट्टीत दिसते. कुणाचा मोबाइल नंबर, कुणाच्या सातबाऱ्याचा फोटो त्यात असेल तर तोही गेला. छापताना 'लपवलेल्या स्लाइडही छापा' अशी खूण असते, पीडीएफ करतानाही तसाच पर्याय असतो. दोन्ही ठिकाणी बघून मगच पुढे जायचं. जे कुणाला दिसता कामा नये, ते हाइड करायचं नाही. त्याची वेगळी फाइल करायची आणि यातून डिलीट करायचं.

पुढची पायरी फार थोडे गट गाठतात, पण गाठली की मला बरं वाटतं. कस्टम स्लाइड शो वापरून एकाच फाइलमधून दोन वेगळ्या माळा ओवता येतात. एक परीक्षकांसाठी: पद्धत, प्रश्नावली, संदर्भ. दुसरी गावासाठी: फोटो, खर्च, यंत्र कुठे मिळतं. एका गटाने आपली दुसरी माळ ग्रामपंचायतीच्या सभागृहात दाखवली. तिथे पद्धतीची स्लाइड कुणाला नको होती. खर्चाचा तक्ता, जो कॉलेजात राखीव होता, तो पहिल्याच मिनिटाला भिंतीवर आला आणि त्यावरच चर्चा रंगली.

सादरीकरणाला गुण देणाऱ्या सगळ्या शिक्षकांना आणि परीक्षकांना म्हणूनच एक विनंती आहे. दहा मिनिटांतली निदान चार प्रश्नांसाठी ठेवा. आणि मुलांकडून पीडीएफ घेऊ नका, मूळ फाइल मागा. ती उघडून डावीकडच्या पट्टीत तिरपी रेघ असलेले क्रमांक शोधा. मुलांनी किती तयारी केली होती ते तिथे कळतं, आणि काय सांगायचं टाळलं तेही.