सात फटींची जाळी (मोटारगाडी)

सात फटींची जाळी ही जीप या मोटारगाडीच्या दर्शनी भागावरील, सात उभ्या फटी असलेली जाळी होय. मोटारींच्या परिभाषेत तिला ग्रिल असे म्हणतात. इंजिनाला हवा मिळावी या गरजेतून निर्माण झालेला हा भाग पुढे त्या गाडीची ओळख बनला. गाडीच्या या चेहऱ्यावर हक्क कोणाचा, यावरून महिंद्र आणि महिंद्र ही भारतीय कंपनी व जीप या नाममुद्रेची मालक कंपनी यांच्यात अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात न्यायालयीन वाद झाले. दोन्ही पक्षांच्या गाड्या पुणे जिल्ह्यात तयार होतात.

कार्य

इंजिनातील उष्णता पाण्यावाटे रेडिएटरमध्ये आणली जाते आणि तेथे बाहेरील हवेने ते पाणी थंड होते. म्हणून रेडिएटरच्या पुढचा भाग उघडा असावा लागतो. मात्र दगड, फांद्या यांपासून त्याचे रक्षणही व्हावे लागते. फटींची जाळी ही दोन्ही कामे करते. फटी किती असाव्यात, हे केवळ या गरजेवरून ठरत नाही. त्यामुळे फटींची संख्या, त्यांचा आकार आणि दोन्ही बाजूंच्या दिव्यांशी त्यांची मांडणी यांतून प्रत्येक गाडीला वेगळा चेहरा देता येतो.

उगम

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील विलिस-ओव्हरलँड कंपनीने सैन्यासाठी जीप बनवली. आरंभीच्या गाड्यांची जाळी लोखंडी पट्ट्या जोडून केलेली होती. त्याच आराखड्यावर गाड्या बनवणाऱ्या फोर्ड कंपनीने एकाच पत्र्यातून दाबून काढलेली नऊ फटींची जाळी वापरली. ती हलकी व करण्यास सोपी असल्याने १९४२मध्ये विलिसनेही स्वीकारली. १९४५मध्ये विलिसने नागरी वापरासाठी सीजे-२ए ही जीप आणली. तिचे दिवे मोठे होते आणि जाळीला सात फटी होत्या. हीच संख्या पुढे जीपची खूण ठरली. सात फटी म्हणजे सात खंड, असेही सांगितले जाते. परंतु ते नंतर जोडलेले स्पष्टीकरण आहे.

भारतातील वाटचाल

१९४५मध्ये महिंद्र अँड मोहम्मद या नावाने स्थापन झालेल्या कंपनीचे १९४८मध्ये महिंद्र आणि महिंद्र असे नामांतर झाले. १९४७मध्ये तिने विलिसशी करार करून भारतात जीपची जुळणी सुरू केली. पुढे सीजे-३बी या गाडीचे उत्पादन दीर्घकाळ चालले. उंच इंजिन मावावे म्हणून तिचे बॉनेट उंच केलेले होते. मूळ आराखड्याबरोबर उभ्या फटींची जाळी आणि गोल दिवेही आले. सैन्य, सरकारी खाती आणि ग्रामीण प्रवासी वाहतूक यांत या गाड्या इतक्या रुळल्या, की मराठीत जीप हा शब्द एका कंपनीचे नाव न राहता सामान्यनाम झाला. याच परंपरेतील थार ही गाडी २०१०मध्ये बाजारात आली.

आकाराचा कायदेशीर हक्क

औद्योगिक आराखड्याचे संरक्षण मुदतीचे असते. भारतात आराखडा अधिनियम, २००० नुसार ते जास्तीत जास्त १५ वर्षे मिळते. व्यापारचिन्हाचे संरक्षण मात्र दर दहा वर्षांनी नूतनीकरण करून कितीही काळ टिकवता येते. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ नुसार वस्तूचा आकारही चिन्ह ठरू शकतो. म्हणूनच जाळी हा केवळ गाडीचा भाग आहे की मालकाची ओळख सांगणारी खूण आहे, या प्रश्नाला व्यावसायिक महत्त्व येते.

अमेरिकेतील वाद

महिंद्रने २०१८मध्ये अमेरिकेत थारवर आधारित रॉक्सर ही गाडी आणली. ती सार्वजनिक रस्त्यांसाठी नसून शेत, रान व खडकाळ वाटांसाठी होती. जीपची तत्कालीन मालक फियाट क्रायस्लर कंपनीने त्याच वर्षी अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली. महिंद्रने आपल्या बचावात दोन्ही कंपन्यांमधील जाळीविषयक २००९च्या कराराचा आधार घेतला.

तक्रार केवळ फटींच्या संख्येपुरती नव्हती. पेटीसारखा आकार, सपाट व पुढे निमुळते होणारे बॉनेट, समलंब चौकोनी चाकखणी, गोल दिव्यांभोवती वळणारी उभ्या फटींची सपाट जाळी, बॉनेटच्या बाहेरील कड्या आणि दाराच्या जागी ठेवलेला कापीव भाग अशा सहा वैशिष्ट्यांचा एकत्रित विचार त्यात होता. ११ जून २०२० रोजी आयोगाने रॉक्सरच्या आयातीवर व विक्रीवर निर्बंध घातले. नोंदणीकृत जाळीचिन्हाचा भंग मान्य झाला नाही. एकत्रित रूपाचा मात्र झाला.

त्यापूर्वीच महिंद्रने रॉक्सरचा दर्शनी भाग बदलला होता. डिसेंबर २०२०मध्ये आयोगाने बदललेली गाडी निर्बंधांत येत नसल्याचा निर्णय दिला. २०२२मध्ये सहाव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने निराळा मुद्दा मांडला: एकदा उल्लंघन केलेल्याने मूळ रूपापासून सुरक्षित अंतर राखले आहे का, हेही तपासले पाहिजे. या कारणाने प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत गेले.

ऑस्ट्रेलियातील वाद

नव्या रूपातील थार १५ ऑगस्ट २०२० रोजी सादर झाली व २ ऑक्टोबरला तिची विक्री सुरू झाली. २०२१मध्ये तिच्या संभाव्य विक्रीविरुद्ध ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयात दावा दाखल झाला. त्या रूपातील थार तेथे विकायची झाल्यास ९० दिवस आधी सूचना देण्याची हमी महिंद्रने दिली.

नंतरचे बदल

महिंद्रच्या पुढील गाड्यांत सातऐवजी सहा फटी दिसतात. २०२२च्या स्कॉर्पिओ-एन गाडीला सहा उभ्या फटींची जाळी आहे. २०२४मध्ये आलेल्या पाच दारांच्या थार रॉक्सची सहा फटींची जाळी वर-खाली दोन ओळींत विभागलेली आहे. उभ्या रेषांचा वारसा कायम ठेवून वेगळी ओळख निर्माण करण्याची ही रीत आहे.

पुणे जिल्हा

जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके पुणे–नाशिक महामार्गावर आहेत. थार नाशिक येथे तयार होते, तर स्कॉर्पिओ-एन खेड तालुक्यातील चाकण येथे. नारायणगाव व मंचर ही गावे या दोन उत्पादनकेंद्रांना जोडणाऱ्या मार्गावर येतात. आंबेगावला लागून असलेल्या शिरूर तालुक्यात, रांजणगाव येथे, २०१७पासून जीप कंपास ही सात फटींच्या जाळीची गाडी तयार होते. त्यामुळे न्यायालयांत एकमेकांविरुद्ध उभे राहिलेले हे दोन्ही वारसे या जिल्ह्यात शेजारी नांदतात.

चाकण येथेच तयार होणाऱ्या महिंद्रच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या विद्युत गाड्यांचा दर्शनी भाग बहुतांशी बंद आहे, कारण विद्युत मोटारीला इंजिनाइतकी थंड हवा लागत नाही. यापुढे फटी ठेवल्या गेल्या, तर त्या मुख्यतः ओळखीसाठी असतील.