एका फाइलीवर दोन हात

विंडोजचा सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतो. ऑक्टोबर २००३ पासूनची ही रीत आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. भारतात रात्रीचे साडेदहा, आणि तिकडच्या हिवाळ्यात साडेअकरा. त्यामुळे इकडच्या बऱ्याच संगणकांवर तो बुधवारीच उगवतो. बहुतेकदा तो गुपचूप बसतोही. फसला, तर टक्केवारीचा आकडा मध्येच कुठेतरी अडतो, संगणक दोन-तीनदा बंद-चालू होतो आणि केलेले बदल मागे घेतले जात असल्याची ओळ पडद्यावर येते. यावर माहीतगारांचा पहिला सल्ला ठरलेला असतो : अँटिव्हायरस बंद करा. हा सल्ला कधी अचूक ठरतो, पुष्कळदा निरर्थक आणि क्वचित धोक्याचाही. त्याचे कारण अपडेट बसण्याच्या पद्धतीत आहे.

अपडेट आधी ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन’ नावाच्या फोल्डरमध्ये उतरतो. तिथे त्याची डिजिटल सही तपासली जाते. मग त्यातील नव्या फाइली ‘विनएसएक्सएस’ या कोठारात जातात. विंडोजच्या प्रत्येक घटकाची मूळ प्रत या कोठारात असते आणि ‘सिस्टिम३२’ फोल्डरमध्ये दिसणाऱ्या बऱ्याच फाइली म्हणजे याच प्रतींना दिलेली दुसरी नावे असतात. (म्हणूनच हे फोल्डर पाहणाऱ्याला ते प्रत्यक्षाहून बरेच मोठे वाटते. जागा करण्यासाठी त्यातील फाइली हाताने उडवणे हा संगणक मोडण्याचा खात्रीचा मार्ग आहे.) अडचण येते ती वापरात असलेल्या फाइलींची. चालू गाडीचे चाक बदलता येत नाही, तशी वापरात गुंतलेली फाइलही जागच्या जागी बदलता येत नाही. अशा फाइलींची यादी बाजूला ठेवली जाते आणि अदलाबदल रीस्टार्टच्या वेळी, बाकीचे प्रोग्रॅम जागे होण्याआधी केली जाते. यादीतले एखादे महत्त्वाचे काम अडले, तर विंडोज सगळेच बदल उलटे फिरवते. अर्धवट बसलेल्या अपडेटपेक्षा न बसलेला बरा, असा हा हिशेब आहे.

आता हाच प्रकार सुरक्षा सॉफ्टवेअरच्या नजरेतून कसा दिसतो? सर्वोच्च अधिकार हाती असलेली एक प्रक्रिया शेकडो सिस्टिम फाइली एकापाठोपाठ बदलत आहे, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, लिहीत आहे, संगणक सुरू होण्याच्या क्रमातही हात घालत आहे. घातक प्रोग्रॅमची लक्षणे याहून वेगळी नसतात. सहीवरून आणि वर्तनावरून अँटिव्हायरस ओळख पटवतो खरा. पण त्यासाठी त्याला प्रत्येक फाइल उघडली जाण्याच्या क्षणी मध्ये उभे राहावे लागते. हे काम ‘फिल्टर ड्रायव्हर’ करतो. विंडोजमध्ये असे फिल्टर एकावर एक रचलेले असतात आणि कोणी कोणाच्या वर बसायचे, याचे ‘उंची’चे आकडे मायक्रोसॉफ्ट वाटून देते. अँटिव्हायरस गटासाठी ३,२०,००० ते ३,२९,९९९ हा पट्टा राखीव आहे. फिल्टरने एखादी फाइल तपासणीसाठी धरून ठेवली आणि नेमक्या त्याच क्षणी अपडेटने ती मागितली, तर ‘फाइल दुसऱ्या प्रक्रियेच्या ताब्यात आहे’ असे उत्तर मिळते. त्याचा कोड ०एक्स८००७००२०. अँटिव्हायरसवर सकारण संशय घ्यावा, असा हा कोड आहे. ‘परवानगी नाही’ असे सांगणारा ०एक्स८००७०००५ हा कोडही त्या दिशेने बोट दाखवू शकतो, कारण बरेच अँटिव्हायरस स्वतःच्या आणि सिस्टिमच्या काही फाइलींना कोणालाच हात लावू देत नाहीत. मात्र बिघडलेल्या परवानग्यांमुळेही तोच कोड येतो.

हा फिल्टर कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात चालतो. साधा प्रोग्रॅम कोसळला तर तो एकटा बंद पडतो; कर्नलमधला ड्रायव्हर चुकला तर विंडोज सगळा संगणकच थांबवते आणि निळा पडदा दाखवते. १९९०च्या दशकात पुण्यात कैलास आणि संजय काटकर हे बंधू ‘क्विक हील’ घडवत होते, तेव्हा डॉसमध्ये गाभा आणि बाहेरचे प्रोग्रॅम अशी भिंतच नव्हती. सगळ्यांना सगळीकडे मुभा होती, व्हायरसलाही. पुढे भिंत आली आणि पहारेकऱ्यांनी आपली जागा भिंतीच्या आत मागून घेतली. आज जे खटके उडतात, त्यांचे मूळ या जागेत आहे.

जानेवारी २०१८ मधला खटका याचा नमुना म्हणता येईल. प्रोसेसरमधील ‘मेल्टडाउन’ या दोषावर उपाय म्हणून मायक्रोसॉफ्टने ३ जानेवारीला तातडीचा अपडेट दिला. त्यात कर्नलच्या मेमरीची मांडणीच बदलली होती. काही अँटिव्हायरस या मेमरीत अधिकृत नसलेल्या वाटांनी ये-जा करत असत. मांडणी बदलताच त्या वाटा तुटतात आणि निळा पडदा येतो, हे मायक्रोसॉफ्टला चाचणीतच आढळले. म्हणून अपडेटबरोबरच एक अट आली : आपले उत्पादन सुसंगत असल्याची खूण अँटिव्हायरसने रजिस्ट्रीत करावी; ती खूण नसेल तर त्या संगणकाला हाच काय, पुढचा कोणताही सुरक्षा अपडेट मिळणार नाही. परिणाम चमत्कारिक झाला. ज्यांच्या अँटिव्हायरसने खूण केली नाही, त्यांचे अपडेट फसलेही नाहीत आणि आलेही नाहीत. सगळे ठीक असल्यासारखे दिसत होते. विंडोज १० वरची अट मार्चमध्ये उठली, जुन्या आवृत्त्यांवरची त्यानंतर.

पुढच्या वर्षी, ९ एप्रिल २०१९ च्या अपडेटनंतर सोफोस, अवास्ट, अविरा, आर्काबिट आणि मॅकॅफी यांपैकी एखादे उत्पादन असलेले अनेक संगणक, विशेषतः विंडोज ७ आणि ८.१ चे, सुरू होताना गोठू लागले. मॅकॅफीने कारण सांगितले ते असे : विंडोजच्या एका मूलभूत प्रक्रियेत झालेल्या बदलामुळे ‘डेडलॉक’ होण्याची शक्यता निर्माण झाली होती. अरुंद बोळात समोरासमोर आलेले दोन टेम्पो जसे एकमेकांनी मागे जाण्याची वाट पाहत उभे राहतात, तशी ही अवस्था असते. त्यात चूक कोणा एकाची नसते, एरर कोडही मिळत नाही. संगणक नुसता थांबून राहतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विंडोज ७ चे अपडेट केवळ नव्या ‘शा-२’ पद्धतीच्या सहीने येऊ लागले आणि सिमँटेक व नॉर्टन ते बसत असतानाच अडवतील किंवा पुसून टाकतील, असा धोका दिसला. मायक्रोसॉफ्टने ही उत्पादने असलेल्या संगणकांचा अपडेट रोखून धरला आणि महिनाअखेरीस मोकळा केला. असा अपडेट रोखलेला असताना वापरणाऱ्याने तो जबरदस्तीने बसवण्याचा खटाटोप करू नये. थांबणे हाच तिथे उपाय असतो.

उलट दिशेचे एक उदाहरण मात्र या सगळ्यांहून बोधक आहे. ९ फेब्रुवारी २०१० च्या एका अपडेटनंतर विंडोज एक्सपीचे पुष्कळ संगणक निळ्या पडद्याच्या फेऱ्यात अडकले. मायक्रोसॉफ्टवर टीकेची झोड उठली आणि अपडेटचे स्वयंचलित वाटप थांबवावे लागले. तपासात आढळले की त्या संगणकांत ‘अल्युरॉन’ नावाचा रूटकिट, म्हणजे गाभ्यात दडणारा घातक प्रोग्रॅम, आधीपासून लपून बसला होता. त्याने कर्नलमधील काही पत्ते आपल्या कोडमध्ये कायमचे लिहून ठेवले होते. अपडेटने कर्नल बदलला, पत्ते सरकले आणि रूटकिटने भलत्याच दारावर थाप मारली. म्हणजे अपडेट निर्दोष होता. त्याने फक्त चोराचा पाय घसरवला. सुधारित अपडेट पुढे आधी रूटकिट शोधू लागला आणि सापडल्यास बसायला नकार देऊ लागला. इकडे रूटकिटच्या कर्त्यांनीही काही दिवसांतच आपला कोड दुरुस्त केला, हा भाग वेगळा. अपडेट वारंवार फसत असताना अँटिव्हायरस काढून टाकण्याचा सल्ला सरसकट का देऊ नये, ते या प्रकरणावरून दिसते.

दोष शोधण्याचा क्रमही यावरूनच ठरतो. सुरुवात एरर कोडपासून करायची. सेटिंग्जमधील अपडेटच्या इतिहासात तो नोंदलेला असतो. मात्र कोड नेहमी खरे बोलतोच असे नाही. जानेवारी २०२४ चा विंडोज १० चा केबी५०३४४४१ हा अपडेट असंख्य संगणकांवर ०एक्स८००७०६४३ हा कोड देऊन फसत होता. या कोडचा अर्थ इतकाच, की बसवणे जमले नाही. खरे कारण हार्ड डिस्कवर विंडोजच्या दुरुस्तीसाठी राखलेल्या छोट्या विभागात २५० एमबी मोकळी जागा नसणे, हे होते. अशा वेळी दहा अँटिव्हायरस काढले तरी फरक पडत नाही. सी ड्राइव्हवरील जागा, अर्धवट राहिलेला आधीचा अपडेट, जुनाट झालेला ड्रायव्हर ही साधी कारणे आधी तपासावीत. रीस्टार्टही खराखुरा हवा. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर कर्नलची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच पुन्हा उठवली जाते. ‘रीस्टार्ट’मध्ये मात्र कर्नल नव्याने सुरू होतो.

कोठारातली प्रतच खराब झाली असेल तर ०एक्स८००७३७१२ सारखा कोड येतो. त्यावर डीआयएसएम आणि सिस्टिम फाइल चेकर ही विंडोजचीच दोन हत्यारे आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. सिस्टिम फाइल चेकर बिघडलेल्या फाइलींच्या जागी कोठारातल्या प्रती बसवतो. म्हणून कोठार दुरुस्त करणारा डीआयएसएम आधी चालवावा लागतो. आवृत्तीच बदलणारा मोठा अपडेट फसला आणि कोड ०एक्ससी१९००१०१ ने सुरू झाला, तर रोख सहसा एखाद्या ड्रायव्हरवर असतो आणि त्याचा माग ‘पँथर’ नावाच्या फोल्डरमधील नोंदींत लागतो.

एवढे झाल्यावर अँटिव्हायरसची पाळी. घड्याळाशेजारच्या चिन्हावर क्लिक करून तो ‘बंद’ केला, तर बहुधा तपासणी थांबते. फिल्टर ड्रायव्हर कर्नलमध्ये जागच्या जागी राहतो. त्यामुळे ‘बंद करूनही अपडेट बसला नाही’ एवढ्यावरून अँटिव्हायरस निर्दोष ठरत नाही. नव्या लॅपटॉपबरोबर आलेला आणि मुदत संपून पडून राहिलेला चाचणी-अँटिव्हायरस, किंवा जुना काढून नवा घातल्यावर मागे उरलेला एखादा ड्रायव्हर हे नेहमीचे संशयित. अॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने ‘एफएलटीएमसी’ ही आज्ञा दिली की कोणते फिल्टर कोणत्या उंचीवर बसले आहेत त्याची यादीच मिळते, आणि कधीच काढून टाकलेल्या उत्पादनाचे नाव त्यात भेटू शकते. पुरता उपाय म्हणजे त्या कंपनीचेच काढून टाकण्याचे साधन वापरणे, रीस्टार्ट करणे, अपडेट बसवणे आणि मग नवी आवृत्ती पुन्हा घालणे. मधल्या वेळात विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप जागा होतो, म्हणून घरचा संगणक अगदीच उघडा पडत नाही. कचेरीतल्या संगणकावर हा प्रयोग करण्याचा अधिकार तिथल्या तंत्रज्ञांचा. आणि डिस्क ‘बिटलॉकर’ने कुलूपबंद असेल, तर तिची ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवलेली बरी.

त्या कीची किंमत १९ जुलै २०२४ रोजी जगाला कळली. त्या दिवशी फसलेला अपडेट ऑपरेटिंग सिस्टिमचा नव्हता, सुरक्षा सॉफ्टवेअरचा होता. भारतात सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटे झाली असताना क्राउडस्ट्राइक कंपनीने आपल्या ‘फाल्कन’ या सुरक्षा सॉफ्टवेअरसाठी धोक्यांच्या खुणांची एक नवी फाइल पाठवली. तिला २१ रकाने अपेक्षित होते. वाचणारा कोड २० च पुरवत होता. एकविसाव्याच्या शोधात ड्रायव्हर हद्दीबाहेरची मेमरी वाचायला गेला, आणि तो कर्नलमध्ये असल्याने संगणक कोसळले. सदोष फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, पण तोवर सुमारे ८५ लाख संगणक आडवे झाले होते. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांच्या हाती पेनने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. दुरुस्ती सोपी होती : सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसायची. पण सुरूच न होणाऱ्या संगणकावर ती दुरून करता येत नव्हती. माणसाला एकेका संगणकापुढे बसावे लागत होते आणि बिटलॉकर असेल तिथे आधी की शोधावी लागत होती. कित्येक ठिकाणी या किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवलेल्या, तोही निळा पडलेला.

पहारेकऱ्याला गाभ्याबाहेर काढण्याचे प्रयत्न आता सुरू आहेत. अॅपलने २०१९ मध्ये ‘कॅटालिना’पासून सुरक्षा उत्पादनांना मॅकच्या कर्नलबाहेरची वेगळी जागा दिली. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या दिशेचा कार्यक्रम जाहीर केला. त्यातली ‘क्विक मशीन रिकव्हरी’ ही सोय वारंवार कोसळणाऱ्या संगणकाला दुरुस्ती-विभागातून सुरू करते, इंटरनेटला जोडते आणि उपाय स्वतःच उतरवून घेते. २५० एमबी जागा नसल्याने जानेवारी २०२४ चा अपडेट ज्यावर अडला, तो विभाग हाच.