गेटसभेतून कादंबरीकडे

कामगारांत हयात घालवलेल्या माणसाने कादंबरीवर बोलावे, याचे श्रोत्यांपैकी काहींना नवल वाटेल. पण आम्ही कादंबरीकडे आलो ते शाळेच्या वाटेने नव्हे, गेटसभेच्या वाटेने. माणसे जमेपर्यंत शाहीर 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड म्हणत. पुढे कोणी 'फकिरा' वाचायला दिली, तेव्हा कळले की दोहोंचे कर्ते एकच, अण्णा भाऊ साठे.

एकच कथाविश्व अनेक माध्यमांतून उलगडत नेणे, याला हल्ली 'ट्रान्समीडिया' कथन म्हणतात. हेन्री जेन्किन्स या अमेरिकन अभ्यासकाने २००३ च्या सुमारास हा शब्द रूढ केला. कादंबरीवर बोलपट निघाला की काम झाले, असे मात्र नव्हे. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'वर आचार्य अत्र्यांनी १९५३ साली चित्रपट काढला, ते रूपांतर. येथे अट अशी की, प्रत्येक माध्यमाने कथेचा काही नवा भाग सांगावा.

अण्णा भाऊंचा जन्म १९२० सालचा, वाटेगावचा. ते गाव तेव्हा आपल्याच सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत आहे. मुंबईत गिरणीत राबलेल्या या माणसाने १९४४ साली अमर शेख व गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले. छकडीत गरिबीने झालेली ताटातूट आहे. 'माझी मुंबई' या लोकनाट्यात तोच श्रमिक मुंबईवर हक्क सांगतो. पण दुष्काळात माणूस धान्य का लुटतो, हे सांगायला गाण्याला सवड कोठून असणार? ते १९५९ च्या 'फकिरा'ने सांगितले. पात्रे एक नाहीत, काळही एक नाही; माणसे मात्र एकाच मातीची. पंडित याला ट्रान्समीडिया म्हणायला कां-कूं करतील. करू द्यात!

कादंबरीही या येरझारीत बदलली. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने आली. पुढच्या अंकाची ओढ तिच्या घडणीतच आहे. 'फकिरा'त आम्हांला पोवाड्याची चाल ऐकू येते. आधी बाप राणोजी जोगणी आणताना मरतो, मग मुलगा उभा राहतो. संवाद असे की, न वाचणाऱ्यालाही ऐकवावेत. आमच्या खोलीवर आम्ही ती मोठ्याने वाचीत असू, आणि पाळीवरून आलेले गडी जेवणाचे ताट हातात धरून ऐकत.

कोयनेच्या कथेचे तुकडे असेच विखुरलेले आहेत. धरणाखाली गेलेल्या गावांच्या आठवणी उठून गेलेल्यांपाशी, ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाच्या म्हाताऱ्यांपाशी. आमच्या युनियनच्या इतिवृत्तांत ठराव आहेत, तारखा आहेत, माणसे नाहीत. हा दोष आमचाच. बोगद्यात काम केलेला एक वृद्ध सभासद प्रत्येक सभेत स्वतः रचलेले बोगद्याचे गाणे म्हणे. आम्ही टाळ्या वाजवल्या, उतरून कधी घेतले नाही. तो गेला. त्याच्या मुलीला दोन कडवी येतात. येत्या रविवारी वही घेऊन तिच्याकडे जाणार आहोत.