सौर मेगावॅट आणि सूर्यास्तानंतरची वीज

हजार मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा राहिला की तेवढ्याच क्षमतेचे कोळशाचे केंद्र बंद करता येते, हा पर्यायी ऊर्जेविषयीचा सर्वांत चिवट गैरसमज होय. मेगावॅट हे क्षमतेचे, म्हणजे केंद्र एका क्षणी जास्तीत जास्त किती वीज देऊ शकते याचे माप आहे. बिलावर येते ते युनिट, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेली ऊर्जा. हजार मेगावॅटचे केंद्र वर्षाचे ८,७६० तास पूर्ण क्षमतेने चालले, तर ८७६ कोटी युनिट वीज मिळेल. रात्र आणि ढगाळ दिवस वजा जाता सौर प्रकल्पाकडून त्याच्या साधारण पाचव्या हिश्श्याचीच अपेक्षा धरता येते. कोळशाची केंद्रेही पूर्ण क्षमतेने चालत नाहीत. पण ती दिवेलागणीलाही चालतात, आणि नियोजनकाराची खरी अडचण तिथेच आहे.

ऊन जितके कडक तितकी वीज जास्त, ही समजूतही अपुरी आहे. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नव्हे: पॅनेलमधील घटांचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की दर अंशामागे उत्पादन सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्याने घटते.

संध्याकाळची तूट कोयना जलविद्युत प्रकल्पाने भरून काढावी, असे सहज सुचवले जाते. कोयनेची स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट असून तिची जनित्रे काही मिनिटांत सुरू होतात हे खरे; परंतु कृष्णा पाणीतंटा लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली असल्याने ते पाणी मागणीच्या ऐन तासांसाठी राखून ठेवावे लागते. घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प, म्हणजे वीज मुबलक असताना पाणी वरच्या जलाशयात चढवून गरजेच्या वेळी ते खाली सोडणारा प्रकल्प, हा साठवणुकीचा मार्ग आहे. मात्र असा प्रकल्प जेवढी वीज खातो त्याहून कमीच परत देतो, त्यामुळे त्याला ऊर्जेचा नवा स्रोत मानणे चूक ठरते.

बचत म्हणजे गैरसोय, हा समज तर आकडेमोडीपुढे टिकतच नाही. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, तर बीएलडीसी, म्हणजे ब्रशविरहित मोटारीचा पंखा तेवढाच वारा सुमारे ३० वॅटमध्ये देतो. असे दहा लाख पंखे रात्री एकाच वेळी फिरत असतील, तर मागणी ४५ मेगावॅटने उतरते, आणि तीही सूर्य नसताना.

मागणीची वेळ बदलणे हे बचतीइतकेच मोलाचे, तरी दुर्लक्षित साधन आहे. महाराष्ट्रात २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच्या सौर प्रकल्पातून शेतीपंपांच्या वाहिनीला दिवसा वीज देण्याची कल्पना आहे. ज्या वाहिनीवर ती प्रत्यक्षात येते, तिथे रात्रपाळीच्या विजेसाठी शेतकऱ्याला अंधारात बांधावर जावे लागत नाही आणि पंपांचा भार सूर्याच्या तासांत सरकतो. तेवढ्या मागणीपुरती साठवणुकीची गरजच उरत नाही.