परीक्षा झाली, आता वाचायला काय?

८ सप्टेंबर २०२५ ला, साक्षरता दिनाच्या मुहूर्तावर, हिमाचल प्रदेश ‘पूर्ण साक्षर’ राज्यांच्या यादीत जाऊन बसला. त्याच वर्षी मे महिन्यात मिझोराम आणि गोवा, जूनमध्ये त्रिपुरा आणि त्याही आधी, २०२४ मध्ये, केंद्रशासित लडाख. गोव्याची घोषणा ३० मे रोजी घटक राज्य दिनाच्या सोहळ्यात झाली, आणि ती व्हायलाही तशाच दिवशी हवी होती. अक्षर हा सणाचा विषय आहे. दसऱ्याला पाटीवर एकांची सरस्वती काढून तिची पूजा करणाऱ्या समाजाला हे वेगळं सांगायला नको.

‘पूर्ण’ याचा सरकारी अर्थ ९५ टक्के. उरलेले पाच हिशेबाबाहेर राहतात, आणि त्यांत म्हातारी, आजारी, अंथरुणाला खिळलेली माणसंच जास्त असणार. प्रशासनाची अडचण समजू शकते. पण वय झालं म्हणून एखाद्याला हिशेबातून वगळणं मला पटत नाही. ते का, हे पुढे येईल.

आपल्या महाराष्ट्राचा आकडा अजून तिथवर पोचलेला नाही. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२.३४ टक्के होती आणि स्त्रियांची ७५.८७. म्हणजे सात वर्षांवरच्या दर चार बायांमागे जवळपास एक बाई निरक्षर. त्यानंतर जनगणनाच झाली नाही, त्यामुळे आज कितीजणी उरल्या ते नवी मोजणी झाल्यावरच कळेल. दरम्यान ‘उल्लास’ नव भारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे. पंधरा वर्षांवरच्यांसाठी तो २०२२ ते २०२७ या काळात देशभर राबवला जातोय आणि त्याची सगळी भिस्त विनामोबदला शिकवणाऱ्या स्वयंसेवकांवर आहे. आपल्याकडे त्याची पहिली मोठी परीक्षा १७ मार्च २०२४ ला झाली, २०२५ ची २३ मार्चला. दीडशे गुण: वाचनाला पन्नास, लेखनाला पन्नास, संख्याज्ञानाला पन्नास. पदर सावरत पेपर लिहिणाऱ्या आजी, शेजारच्या बाकावर त्यांची सून, दाराबाहेर नातू. हे फोटो त्या दिवशी सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतात. फिरू देत. ते पाहून मला दरवेळी बरं वाटतं.

प्रश्न पडतो तो निकालानंतरचा. प्रमाणपत्र घरी आलं, फळीवर ठेवलं. त्यानंतर ती बाई काय वाचते?

या प्रश्नाशी महाराष्ट्राची ओळख जुनी आहे. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली आणि काही वर्षांतच राज्यभर पसरली. प्राथमिक शिक्षक दिवसभर पोरांना शिकवून रात्री त्यांच्या आईबापांना शिकवत. एकेकट्या माणसाऐवजी अख्ख्या गावानं साक्षर व्हायचं, ही त्या मोहिमेची कल्पना होती. गाव तयार झालं की समारंभ व्हायचा आणि त्याला सुरेख नाव होतं: ग्रामगौरव. या मोहिमेचं कौतुक देशभर झालं. मात्र पुढच्या पाहण्यांत एक दुखणं पुन्हा पुन्हा दिसलं. ग्रामगौरव झाला, वर्ग बंद झाले आणि शिकलेली पुष्कळ माणसं काही वर्षांत पुन्हा अंगठ्यावर आली. सोपी पुस्तकं, फिरती वाचनालयं, वाचक मंडळं यांची योजना होती, पण वर्गांवर जेवढा जोर लावला तेवढा यांच्यावर लागला नाही. साठेक वर्षांनंतर ‘उल्लास’च्या आराखड्यात पाचवा आणि शेवटचा घटक ‘निरंतर शिक्षण’ असा लिहिलेला आहे. तो शेवटी आहे यात मला धोका दिसतो, कारण शेवटच्या कलमापर्यंत पैसाही पोचत नाही आणि माणसाचा उत्साहही.

काय वाचायचं याआधी एक शंका येते ती वयाची. ‘या वयात डोक्यात काय शिरणार?’ असं आपण सहज म्हणून जातो, बाया स्वतःही म्हणतात. याचं उत्तर लखनौजवळच्या खेड्यांतून आलेलं आहे आणि ते शिक्षणखात्यातल्या प्रत्येकानं वाचायला हवं. नेदरलँड्समधल्या मॅक्स प्लँक संस्थेतले फाल्क ह्युटिग आणि त्यांचे भारतीय व जर्मन सहकारी यांनी तिथल्या निरक्षर प्रौढांना, त्यांत बहुतेक बायाच होत्या, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं. देवनागरी म्हणजे आपलीच लिपी: तीच काना-मात्रा, तीच जोडाक्षरं. शिकण्याआधी आणि शिकल्यानंतर त्यांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली. बहुतेकांचं वय तिशीच्या आसपास. सहा महिन्यांअखेर त्यांचं वाचन साधारण पहिलीच्या मुलाइतकं झालं.

यश बेताचं वाटेल, पण मेंदूत घडलेलं बेताचं नव्हतं. वाचनानं मेंदूचा वरचा थर, विचार करणारा, बदलतो हे आधीच माहीत होतं. इथं बदल त्याच्याही खाली, थॅलॅमस आणि ब्रेनस्टेमपर्यंत गेलेला दिसला. उत्क्रांतीच्या दृष्टीनं हे मेंदूचे फार जुने भाग आहेत. लिपीचा शोध लागण्याआधी लाखो वर्षांपासून ते असेच आहेत. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींतलं नेमकं काय टिपायचं, या कामात त्यांचा वाटा असतो. या भागांचा मेंदूच्या दृष्टिकेंद्राशी ताळमेळ अक्षरओळखीनं वाढला. ज्यांच्यात तो जास्त वाढला, त्यांचं वाचनही जास्त सुधारलेलं होतं. हा अभ्यास २०१७ मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये छापून आला. अभ्यासातली माणसं थोडी आणि तिशीतली होती, त्यामुळे साठीतल्या मेंदूबद्दल त्यावरून थेट काही सांगता येणार नाही. पण ‘बालपण सरलं की मेंदू पक्का होतो, मग त्यात काही रुजत नाही’ ही समजूत मात्र त्यानं उडवून लावली.

आणि साठीचं काय, ते मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावानं दाखवलं. तिथं आजीबाईंची शाळा भरू लागली. ८ मार्च २०१६ ला, महिला दिनी ती सुरू झाली. कारण घडलं ते एका उत्सवात. गावात शिवजयंतीच्या निमित्तानं पोथीचं वाचन चाललं होतं आणि ऐकायला बसलेल्या म्हाताऱ्या बायांनी बोलून दाखवलं की आपल्यालाही असं वाचता आलं असतं तर. जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते मनावर घेतलं. मोतीराम दलाल ट्रस्टनं पाट्या, दप्तरं आणि गुलाबी साड्या दिल्या. विद्यार्थिनी साठ ते नव्वदीतल्या, शिकवणारी गावातलीच एक सून, तिची सासू वर्गात. घरची कामं आटोपली की दुपारी दोन तास शाळा.

परदेशी वाहिन्या तिथवर येऊन गेल्या. त्यांच्या कॅमेऱ्याला गुलाबी साड्या भावल्या, ते साहजिकच आहे. माझं लक्ष मात्र त्या मूळ इच्छेकडे जातं. त्या बायांना नोकरी नको होती, दाखला नको होता. ज्या सोहळ्यात त्या जन्मभर श्रोत्या म्हणून मागे बसल्या, त्यात पुढे बसून त्यांना पोथी वाचायची होती. शिकण्याचं इतकं स्वच्छ कारण पदवीधरांतही क्वचित सापडतं. पुढे बँकेत अंगठ्याऐवजी सही आली, आकडे ओळखता येऊ लागले, आणि त्याचंही मोल मोठंच आहे. पण सुरुवात पोथीपासून झाली होती. आणि वयाचं म्हणाल तर, केरळच्या कार्त्यायनी अम्मांनी २०१८ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, साक्षरता परीक्षेत शंभरपैकी ९८ गुण मिळवले, तेव्हा सगळा देश अवाक झाला होता. पाच टक्क्यांना बाहेर ठेवणाऱ्यांनी ही नावं लक्षात ठेवावीत.

आता वाचायला काय द्यायचं, त्याकडे वळू. या बाबतीत मला कुलसुम सयानींची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. अमीन सयानींचा रेडिओवरचा आवाज घराघरात माहीत. त्यांच्या आईचं काम मात्र आपण विसरून गेलो. १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईत प्रौढ स्त्रियांना शिकवताना त्यांच्या ध्यानात आलं की बाई अक्षरं शिकते, पण तिला वाचता येईल असं बाजारात काहीच नसतं. एकीकडे पोरांची पुस्तकं, दुसरीकडे जड वर्तमानपत्रं. म्हणून १९४० मध्ये त्यांनी ‘रहबर’ हे पाक्षिक काढलं. साध्या हिंदुस्तानीतला एकच मजकूर देवनागरी, गुजराती आणि उर्दू अशा तीन लिप्यांत छापला जाई. घरचेच त्यावर राबत. लहानगा अमीनही हाताखाली असे. नवसाक्षराला पोरासारखं वागवायचं नाही, त्याला जगाची खबर द्यायची, हे त्यांनी तेव्हा जाणलं होतं. नवसाक्षरांसाठी आज निघणारी पुष्कळ पुस्तकं अजून ‘हात धुवा, पाणी गाळा’ याच्या पुढे सरकत नाहीत. ज्या बाईनं चार लेकरं वाढवली, दुष्काळात घर तगवलं, तिला हात धुण्याचा धडा कशाला?

तिला तिचंच द्यावं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. हा संग्रह आता ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) च्या संकेतस्थळावर सर्वांना खुला आहे. या ओव्या ज्यांनी रचल्या, त्यांतल्या बहुतेकींना लिहिता येत नव्हतं. माहेर, भाऊ, पंढरीची वाट, सासुरवास, लेकीची काळजी, अगदी बाबासाहेब आंबेडकर, सगळं त्यांत आहे. तोंडपाठ असलेली ओळ कागदावर पाहिली की अक्षर आपोआप उलगडतं, कारण पुढचा शब्द वाचणारीला आधीच ठाऊक असतो. नवसाक्षरांसाठी याहून चांगलं पुस्तक कुणी नव्यानं लिहू शकेल असं मला वाटत नाही. मोठ्या टायपात, पानावर दोनच ओव्या, एवढंच करायचं आहे.

मोठ्या टायपाचा आग्रह कशासाठी? चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं, हे साऱ्यांनाच होतं. लिहिता-वाचता येणारा माणूस पेपर दिसत नाही म्हणून चष्मा करतो. जिनं कधी पेपर हातातच घेतला नाही, तिला नजर अधू झाल्याचं कळणार कसं? ती वर्गात येते, पाटीवरचं धूसर दिसतं आणि ‘मला जमत नाही’ म्हणून घरी बसते. साक्षरता वर्गाच्या पहिल्या दिवशी पाटीबरोबर नंबर तपासून चष्मा द्यावा. याला फार खर्च नाही, जवळच्या नंबरचा साधा चष्मा अगदी स्वस्तात मिळतो. गणेशोत्सवात आरोग्य शिबिरं भरवणाऱ्या मंडळांना तर हे सहज जमण्यासारखं आहे.

वाचता आल्यावर बाया काय करतात, हे आधी सांगता येत नाही, आणि सगळी आशा तिथंच आहे. आंध्रच्या नेल्लोर जिल्ह्यात साक्षरता वर्गाच्या पुस्तकात सीतम्माची गोष्ट होती. दारूपायी उद्ध्वस्त झालेल्या घराची. दुबगुंटा गावच्या बायांनी तो धडा वाचला आणि १९९२ मध्ये गावातलं दारूचं दुकान बंद पाडलं. लोण जिल्हाभर, मग राज्यभर गेलं आणि १ ऑक्टोबर १९९३ पासून आंध्रात अर्‍याकवर, म्हणजे देशी दारूवर, बंदी आली. त्याच सुमारास तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टईत जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी साक्षरतेच्या मोहिमेला सायकल जोडली. हजारो बाया सायकल शिकल्या, पाणी, शेतमाल, पोरं सायकलवरून नेऊ लागल्या. या दोन्ही गोष्टी प्रश्नपत्रिकेत मोजता आल्या नसत्या.

आपल्याकडे साधनं आहेत. १९६७ च्या कायद्यानं उभी राहिलेली हजारो गावची वाचनालयं आहेत. साताऱ्यातच, जिथं ग्रामगौरव सुरू झाला, तिथं भिलार हे पुस्तकांचं गाव २०१७ पासून आहे. या वाचनालयांत बालविभाग असतो, स्पर्धा परीक्षांचं कपाट असतं. नव्यानं वाचायला लागलेल्या मोठ्या माणसाचं कपाट माझ्या तरी पाहण्यात आलेलं नाही. परीक्षेच्या निकालाबरोबर प्रत्येक उत्तीर्ण आजीच्या नावानं गावच्या वाचनालयाचं एक वर्षाचं सभासदत्व काढून दिलं, तर प्रमाणपत्र फळीवर पडून राहणार नाही. ग्रामपंचायतीला हा खर्च जड नाही.

आणखी एक विनंती संपादकांना. सप्टेंबर हा दिवाळी अंकांची पानं लावण्याचा महिना. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस सणाला वाचतो. फराळाच्या ताटाशेजारी अंक ठेवणं ही आपली रीत, आणि तिचा आपल्याला रास्त अभिमान आहे. त्या रीतीत या नव्या वाचकांना जागा करून द्या. येत्या अंकात फक्त चार पानं मोठ्या टायपात, लहान वाक्यांत छापा: एक गोष्ट, चार ओव्या, एखादा कामाचा मजकूर. आणि वाचकांनो, अंक घरी आला की ती पानं वेगळी काढून तुमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींना, गावाकडच्या आत्याला, सोसायटीच्या वॉचमनच्या बायकोला द्या, आणि पहिल्यांदा वाचताना शेजारी बसा. चार पानं लावायला फार वेळ लागत नाही.