अटक मुलींना, कंपनी नामानिराळी

नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या ‘लाइक’ केल्या. दोघींना अटक झाली, एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. त्या ओळींत गुन्हा नव्हताच. पण गुन्हा मानला गेला तेव्हाही फेसबुकला कोणी हात लावला नाही.

१ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात याहून भयंकर घडले. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. भिक्षा मागायला आलेल्या मंगळवेढ्याकडच्या पाच डवरी गोसाव्यांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. गावकऱ्यांवर खटले झाले. कंपनीने भारतापुरती फॉरवर्डची मर्यादा पाच चॅटवर आणली, वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. तेवढेच.

कंपन्यांची ढाल म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९. मजकूर दुसऱ्याचा, आम्ही फक्त मध्यस्थ. अश्लील क्लिप विक्रीला आल्यावरून २००४ मध्ये ‘बाझी’ या संकेतस्थळाच्या प्रमुखाला अटक झाली होती. त्यानंतरच्या दुरुस्तीने ही ढाल आणखी रुंद झाली. २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याचे, ऑनलाइन लिखाणावरून अटक करू देणारे ६६-अ हे जाचक कलम रद्द केले. त्याच निकालात असेही ठरले, की आक्षेपार्ह मजकुराची कंपनीला ‘जाणीव’ झाली असे धरायचे ते न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी सूचना मिळाल्यावरच. हे योग्यच होते, नाहीतर कोणाच्याही तक्रारीवर कोणाचेही लिखाण उडाले असते. पण पनवेलजवळच्या आपटा गावातल्या एखाद्याची बदनामी करणारी पोस्ट पसरली, तर त्याने पनवेलच्या कोर्टाची पायरी चढायची आणि निकालाची वाट पाहायची. तोवर पोस्ट तालुकाभर झालेली असते.

माझा आक्षेप मध्यस्थ या शब्दाच्या आडोशाला आहे. पोस्टमन पाकीट फोडत नाही, म्हणून मजकुराला तो जबाबदार नाही. फेसबुक, यूट्यूब मात्र कोणती पोस्ट कोणाच्या पडद्यावर आधी आणायची हे स्वतः ठरवतात आणि त्यावर जाहिरातींचा पैसा मिळवतात. मजकुराची नसली, तरी तो पुढे ढकलल्याची जबाबदारी कायद्याने त्यांच्यावर टाकायलाच हवी.

तोवर हातात आहे ते वापरा. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांनुसार प्रत्येक मोठ्या कंपनीचा तक्रार अधिकारी भारतात असावा लागतो. नग्न किंवा बनावट फोटो तक्रारीनंतर दोन तासांत काढावा लागतो; २०२६ पूर्वी ही मुदत २४ तासांची होती. दाद मिळाली नाही, तर ३० दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येते. पोस्ट उडण्याआधी स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा.