घाटावरचा डायव्हमास्टर

नाशिकच्या घरात एखाद्या मुलाने किंवा मुलीने ‘मला स्कूबा डायव्हिंगमध्येच काम करायचंय’ असं जाहीर केलं, की घरच्यांच्या डोळ्यांसमोर मालवणच्या सहलीतला फोटो येतो. निळं पाणी, तोंडात नळी, भोवती मासे आणि अंगठा-तर्जनी जुळवून केलेली खूण. त्या फोटोत तुमच्या पाठीवरची टाकी मागून गाइडने धरलेली असते, हवा कमी-जास्त तोच करत असतो आणि तुम्ही फक्त श्वास घेत असता. मजा म्हणून ते उत्तमच आहे. पण त्यातून डायव्हर म्हणून कोणतंही प्रमाणपत्र मिळत नाही आणि परदेशातल्या डाइव्ह सेंटरला त्याचा काही उपयोग नसतो. व्यवसायाची शिडी वेगळी आहे, आणि ती पायरी-पायरीनेच चढावी लागते.

ही शिडी ठरवणाऱ्या संस्था जगभरात मोजक्या आहेत. 1966 साली अमेरिकेत सुरू झालेली पॅडी आणि 1970 ची एसएसआय ही त्यांतली ठळक नावं. पॅडीची पहिली पायरी म्हणजे ओपन वॉटर. थोडी थिअरी, तलावातला सराव आणि समुद्रात चार डाइव्ह झाले की 18 मीटरपर्यंत जाण्याची मुभा मिळते. पुढे अॅडव्हान्स्ड ओपन वॉटर म्हणजे 30 मीटर. मग प्रथमोपचार आणि सीपीआर, त्यानंतर रेस्क्यू डायव्हर. इथवर तुम्ही हौशी असता. डायव्हमास्टर ही व्यावसायिक म्हणवून घेण्याची पहिली पायरी. त्यासाठी वय 18 पूर्ण हवं, प्रशिक्षण सुरू करताना लॉगबुकात 40 डाइव्ह हवेत आणि प्रमाणपत्र हाती पडेपर्यंत 60. त्याच्या वर इन्स्ट्रक्टर, ज्याच्या परीक्षेला बसायला 100 डाइव्ह लागतात.

परदेशातली ‘इंटर्नशिप’ म्हणतात ती बहुतेक वेळा याच डायव्हमास्टर पायरीची असते. कॉलेजातल्या इंटर्नशिपसारखं इथे विद्यावेतन मिळेल अशी आशा ठेवू नका. बहुतेक ठिकाणी पैसे तुम्हीच भरता आणि त्या बदल्यात काही आठवडे किंवा महिने सेंटरमध्ये राहून शिकता. टाक्या भरायच्या, होडीवर चढवायच्या, भाड्याचे सूट धुवायचे, नवशिक्यांच्या वर्गात इन्स्ट्रक्टरच्या मागे उभं राहायचं आणि रोज पाण्यात उतरायचं. काही जाहिरातींत इंटर्नशिप ‘मोफत’ असते. तिथे फी माफ होते, पण दिवसभर काउंटर सांभाळावं लागतं आणि पाण्यात जायला आठवड्यातून एखादाच दिवस मिळतो. माझं मत विचाराल तर पैसे भरून, ठरलेले डाइव्ह लेखी घेऊन शिकणं शेवटी स्वस्त पडतं.

आणखी एक मत. शून्यापासून थेट परदेशात जाऊन शिकण्याची पॅकेजेस विकली जातात, त्यांच्या नादी लागू नये. रेस्क्यूपर्यंतचं सगळं आपल्याकडे होतं. मालवणजवळ तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाची, म्हणजे एमटीडीसीची, स्कूबा डायव्हिंगची प्रशिक्षण संस्था आहे. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचं नाव तिच्याशी सुरुवातीपासून जोडलेलं आहे. समोरच 1987 साली जाहीर झालेलं मालवणचं सागरी अभयारण्य आहे. शिवाय मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट, गोवा, पुदुच्चेरी आणि अंदमानातलं हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप, इथेही हे अभ्यासक्रम चालतात. मालवणच्या पाण्यात अनेकदा चार-पाच मीटरपलीकडचं दिसत नाही, ही तक्रार खरी. पण गढूळ पाण्यात दिशा राखायला शिकलेला माणूस स्वच्छ पाण्यात सहज वावरतो. उलटं होत नाही. आणि मुख्य म्हणजे, हे काम आपल्याला झेपतं का, आवडतं का, हे परदेशाचं तिकीट काढण्याआधी कळतं.

त्याहीआधीचं काम नाशिकमध्येच करायचं आहे. डायव्हमास्टरच्या पाण्यातल्या परीक्षेत चष्मा-फिन्सशिवाय 400 मीटर पोहणं, 15 मिनिटं तरंगत राहणं, स्नॉर्कल लावून 800 मीटर आणि दमलेल्या साथीदाराला 100 मीटर ओढून नेणं, एवढं येतं. वेळेप्रमाणे गुण मिळतात. 400 मीटर साडेसहा मिनिटांच्या आत पोहलात तर पाचपैकी पाच. पाचवा भाग जास्त अवघड. पाण्याखाली एकाच रेग्युलेटरवर आळीपाळीने श्वास घेत दोघांनी एकमेकांचं सगळं साहित्य बदलायचं. त्र्यंबक रोडवरच्या सावरकर जलतरण तलावावर नियमित पोहणाऱ्याला पहिल्या चार गोष्टी जमतात. गोदेला पूर आला की पुलावरून उड्या टाकणारी पोरं नाशिकला नवीन नाहीत. पण गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागल्यावर उडी घेणारा धाडसी पोरगा चांगला डायव्हमास्टर होईलच असं नाही. इथे ज्याला कशाचीही घाई नसते, तो लागतो.

तलावाच्या पासबरोबर कान-नाक-घसा तज्ज्ञाची वेळही घ्या. डायव्हिंगच्या वैद्यकीय फॉर्मवर पहिल्या पानावर दहा प्रश्न असतात. दमा, फिट्स, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया यांपैकी कशालाही ‘हो’ आलं तर डॉक्टरची सही लागते, आणि डायव्हमास्टरच्या टप्प्यावर तर ती सगळ्यांनाच लागते. खोटं लिहून फॉर्म पुढे सरकतो, पण पाण्यात कान फाटतो तो तुमचाच.

नाशिककरांसाठी एक गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण किनाऱ्यावर राहणाऱ्याला तिचा विचार करावा लागत नाही. पाण्यात दर 10 मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन शरीरात जास्त विरघळतो आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. म्हणूनच वर येताना सावकाश यायचं आणि 5 मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं. बाहेर पडणाऱ्या या नायट्रोजनला वेळ न देता तुम्ही आणखी कमी दाबाच्या ठिकाणी गेलात, तर त्याचे बुडबुडे होऊन सांधे दुखण्यापासून अर्धांगापर्यंत काहीही होऊ शकतं. विमानासाठी नियम ठरलेला आहे. एका डाइव्हनंतर किमान 12 तास, अनेक डाइव्हनंतर किमान 18 तास थांबायचं. पण विमान कुणाला, आपण तर गाडीने येतो! मालवणहून दुपारी निघालं की दोनेक तासांत आंबोली किंवा गगनबावड्याच्या घाटात असतो, आणि कोकणातूनच वर आलो तरी कसारा घाट काही चुकत नाही. नाशिक 600 मीटरच्या आसपास आहे, आणि डायव्हिंगच्या हिशेबात 300 मीटरच्या वरचं सगळं ‘उंचीवरचं’ धरतात. तेव्हा शेवटच्या डाइव्हनंतरची रात्र मालवणातच काढा आणि सकाळी घाट चढा. याच कारणाने, गंगापूर धरणात कुणी टाकी लावून उतरायला बोलावलं, तर त्याला उंचीवरच्या डाइव्हचं गणित येतं का, हे आधी विचारा.

परदेशाची निवड हंगामावरून करावी. कोकणातला हंगाम ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात होड्या बंद. नेमके तेच महिने थायलंडच्या आखातातल्या कोह ताओला आणि इंडोनेशियातल्या बाली-गिलीला चांगले. म्हणजे हिवाळ्यात मालवणला पायऱ्या चढायच्या आणि जूनमध्ये इंटर्नशिपला जायचं, हे वर्ष नीट बसतं. इजिप्तचं दहाब आणि होंडुरासचं उटिलाही स्वस्त म्हणून ओळखली जातात, पण उटिलाच्या तिकिटात ती बचत बुडते.

पत्र एजंटला न लिहिता थेट सेंटरला लिहा. एका वेळी किती इंटर्न असतात, डाइव्ह किती, सुट्टी कधी, पुस्तकं आणि पॅडीचं अर्जशुल्क कोण भरणार, विमा कुणाचा, हे विचारा आणि उत्तर लेखी मागा. इन्स्ट्रक्टरचा क्रमांक पॅडीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. तो सांगायला कुणी आढेवेढे घेतले, तर दुसरं सेंटर पाहा. ‘शंभर टक्के नोकरी’ असं लिहिलेलं दिसलं तरीही तेच करा. स्वतःबद्दल लिहिताना मराठी, हिंदी आणि येत असेल तर गुजराती, हे ठळक लिहा. थायलंड, बाली, मालदीवला भारतीय पर्यटकांची रीघ आहे. त्यांतल्या अनेकांना पोहता येत नाही, आणि घाबरलेल्या माणसाला त्याच्या भाषेत धीर देणारा सेंटरला हवाच असतो.

व्हिसाच्या बाबतीत मात्र कुणाच्याही तोंडी आश्वासनावर विसंबू नका. पर्यटक व्हिसावर शिकायला जाणं वेगळं आणि काम करणं वेगळं. पगार घेतला नाही म्हणून ते काम नव्हे, असं थायलंडचा कायदा मानत नाही. पर्यटकांना घेऊन तुम्ही एकट्याने पाण्यात उतरलात, तर दंड आणि हद्दपारीची वेळ तुमच्यावर येते. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी आवश्यक, असा शिक्का असतो, आणि ही परवानगी लागणाऱ्या देशांच्या यादीत थायलंड, इंडोनेशिया, मलेशिया हे तिन्ही देश आहेत. नोकरीसाठी जाताना तो आडवा येतो. नोकरी लावून देतो म्हणणारा एजंट सरकारच्या ई-मायग्रेट यादीत आहे का, तेही बघून घ्या.

पैशाचं बोलायचं तर नुसत्या डायव्हमास्टरला नोकरी मिळते ती हंगामापुरती. राहण्याची सोय आणि कमिशन धरून भागतं, साठत नाही. वर दरवर्षी पॅडीचं सदस्यत्व नव्याने भरावं लागतं. खरी मागणी इन्स्ट्रक्टरला, त्यामुळे घरून पैसे मागायचे असतील तर हिशेब दोन्ही पायऱ्यांचा मांडा. सिंधुदुर्गातही आता काम वाढेल अशी चिन्हं आहेत. नौदलातून निवृत्त झालेली आयएनएस गुलदार निवतीजवळ समुद्रात बुडवून पर्यटनासाठी वापरण्याचा प्रकल्प एमटीडीसीने हाती घेतला आहे. असं बुडालेलं जहाज दाखवायला प्रशिक्षित माणसंच लागतात.

मालवणचा हंगाम ऑक्टोबरात उघडतो. त्याआधी 400 मीटर न थांबता पोहून वेळ मोजा, कान दाखवून घ्या आणि पासपोर्टचा अर्ज टाका. परदेशातल्या सेंटरला पत्र रेस्क्यूचं कार्ड हातात आल्यावरच लिहा.